सर्वांगीण स्वारीच्या घोड्यासाठी जड आणि हलक्या जातीचा संकर: घोडी कोणती, नर कोणता आणि पुढची पिढी कोणती?

रपेट (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे पर्शेरॉन या ओढकामाच्या जड जातीची सात वर्षांची घोडी आहे. तिची उंची १६ हँडांहून (एक हँड म्हणजे चार इंच) थोडी अधिक आणि वजन ८०० किलोच्या आसपास आहे. ती गाडीला आणि खोगिराला दोन्हींना सरावलेली आहे, आणि स्वभावाने इतकी शांत आहे की नवखा स्वारही तिच्यावर निर्धास्त बसतो. तिच्यापासून स्वारीसाठी एक शिंगरू घ्यावे, असा विचार बरेच दिवस मनात आहे. मला शर्यतीचा किंवा मोठ्या स्पर्धांचा घोडा नको. चढउताराच्या वाटांवर तीन-चार तास चालणारा, मीटरभर उंचीचे अडथळे सहज ओलांडणारा, रिंगणातले प्राथमिक ड्रेसाज (शिस्तबद्ध चालींची कवायत) शिकू शकणारा आणि ९० किलो वजनाच्या स्वाराला वाहून नेणारा असा एकच घोडा मला हवा आहे.

नर म्हणून शर्यतीच्या थरोब्रेड जातीचा निवडावा की अरबी, हा माझा पहिला प्रश्न. काही जण मला उलट सल्ला देतात: थरोब्रेड घोडी घ्या आणि तिला जड जातीचा नर दाखवा. यात खरोखर फरक पडतो का? आणि पहिल्या पिढीतून चांगली मादी मिळाली, तर पुढे तिला कोणता नर द्यावा? ज्यांनी अशी पैदास प्रत्यक्ष केली आहे किंवा असे घोडे घडवले आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खूरवाट

रपेट यांस,

आधी ९० किलोच्या स्वाराचा हिशेब करू, कारण जड रक्त हवे असे म्हणणारे बहुतेक लोक हेच कारण पुढे करतात आणि नेमके तेच कारण सर्वांत कच्चे आहे. स्वार आणि खोगीर मिळून १०० किलो धरले आणि घोड्याने स्वतःच्या वजनाच्या सुमारे २० टक्के भार वाहावा हा रूढ संकेत लावला, तर ५०० किलोचा घोडा पुरतो. म्हणजे एखादा भक्कम बांध्याचा थरोब्रेडसुद्धा हे काम करू शकेल. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार टाकून त्यांना चालवून पाहिले होते. २५ आणि विशेषतः ३० टक्क्यांना स्नायूंचा ताण आणि दुखरेपणा स्पष्ट दिसू लागला. त्यातली मला अधिक महत्त्वाची वाटणारी बाब अशी की ज्या घोड्यांची कंबर रुंद होती आणि नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या, हाडाचा घेर मोठा होता, त्यांच्यात हा दुखरेपणा कमी आढळला. जड घोडीकडून आपल्याला हीच कंबर आणि हीच नळी हवी आहे. तिचे वजन नको आहे. वजन हे घोड्याला प्रत्येक पावलागणिक स्वतःच वाहावे लागते, आणि शरीर जितके मोठे तितके त्वचेचे क्षेत्रफळ वजनाच्या मानाने कमी पडत असल्यामुळे अंगातली उष्णता बाहेर टाकणेही अवघड होत जाते. तीन-चार तासांच्या चढणीवर ८०० किलोचा घोडा ५५० किलोच्या घोड्याआधी थकतो, तो यामुळेच.

आता बांध्याकडे वळू. ओढकामाच्या घोड्यात खांदा उभा असणे हा दोष नाही. गळपट्टा त्या खांद्यावर नीट टेकतो आणि घोडा त्यावर आपले सगळे वजन टाकू शकतो. स्वारीत मात्र हाच उभा खांदा पुढच्या पायाची झेप आखूड करतो, आणि त्याला खुरावरचा आखूड, उभट सांधा जोडला गेला की दुडकीतला प्रत्येक हादरा स्वाराच्या पाठीपर्यंत पोहोचतो. उतरत्या पुठ्ठ्याचेही तसेच आहे. त्याने ओढायला जोर मिळतो, पण कँटरमध्ये (संथ दौडीत) मागचे पाय पोटाखाली खोल येणे कठीण जाते. शायर आणि क्लाइड्सडेल यांची पाय उंच उचलण्याची ढब पाहायला देखणी वाटते, पण लांबच्या रपेटीत ती शक्ती वाया घालवते. या तुलनेत पर्शेरॉन ही सोयीची जात आहे. पायांवर केसांचे झुबके जवळजवळ नाहीत, डोके सुबक आहे आणि चालीत मोकळेपणा आहे. तरी जातीच्या नावावर विसंबून राहू नका. निर्णय या एका घोडीकडे पाहून व्हायला हवा.

तिला सपाट, मऊ जमिनीवर सैल दोराने साध्या चालीने चालवा आणि उमटलेले ठसे पाहा. मागच्या खुराचा ठसा पुढच्याच्या निदान चार बोटे पुढे पडत असेल, तर तिच्या खांद्यात आणि पुठ्ठ्यात स्वारीला उपयोगी पडणारी मोकळीक आहे. नंतर पुढच्या गुडघ्याच्या लगेच खाली टेपने घेर मोजा, पण नुसत्या आकड्यावर समाधान मानू नका. बोटांनी चाचपताना हाड आणि त्यामागची शीर (कंडरा) वेगवेगळ्या जाणवायला हव्यात. सगळे मिळून एक गोल, भरीव खांबासारखे लागत असेल, तर टेपवरचा बराचसा आकडा हाडाचा नसून जाड कातडी आणि तंतूंचा आहे. थरोब्रेडमध्ये हा घेर साधारण ८ इंच असतो. संकरित घोड्यात ९ इंच सपाट, कोरडे हाड मिळाले, तर त्याहून अधिकाची गरज नाही. चाल आखूड आणि खांदा उभा निघाला, तर नर कितीही चांगला असला तरी मी या घोडीपासून स्वारीचे शिंगरू घेणार नाही. तिने गाडी ओढावी, त्यात ती आनंदात राहील.

नराच्या निवडीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. उभ्या खांद्याच्या घोडीला अति तिरक्या खांद्याचा नर दिला की मध्यम खांदा मिळतो, असे समजले जाते. शिंगरू दोन द्रव एकत्र ओतल्यासारखे तयार होत नाही. आईचे भरदार धड आणि बापाच्या नाजूक नळ्या असे एकत्र आले, तर असा घोडा मूळच्या दोन्ही जातींपेक्षा वाईट असतो. म्हणून घोडीत जे चांगले आहे ते नरातही असावे आणि घोडीत जे उणे आहे त्यात नर पक्का असावा, इतकेच पाहावे. थरोब्रेड घ्यायचा असेल, तर त्याने किती वेगाने शर्यत जिंकली यापेक्षा तो किती हंगाम धावून धडधाकट राहिला, हे विचारा. त्याच्या नळ्या आखूड हव्यात, खुरांच्या भिंती जाड हव्यात आणि तळवे सपाट नकोत, कारण पातळ भिंती आणि सपाट तळवे हे थरोब्रेडचे नेहमीचे दुखणे आहे, आणि तसल्या खुरांवर ६५० किलोचे धड ठेवणे म्हणजे नालबंदाला कायमचे काम लावणे होय. अरबी नराकडून दम आणि कोरडे, टणक हाड मिळते. पण १४-१५ हँडांचा बांधा आणि पर्शेरॉनचा बांधा यांत अंतर फार असल्यामुळे प्रमाण बिघडण्याचा धोका अधिक राहतो. अँग्लो-अरबी, म्हणजे थरोब्रेड आणि अरबी यांच्या संकराचा, नर मिळाल्यास मी त्याला पहिली पसंती देईन.

हे माझ्या पदरचे नाही. ज्या घोड्यांना आपण आज उत्तम सर्वांगीण घोडे मानतो, त्यांच्या मुळाशी सर्वांत जड घोड्या क्वचितच होत्या. आयरिश ड्राफ्ट ही नांगरालाही चालणारी, गाडीलाही चालणारी आणि शिकारीच्या दिवशी कुंपणावरून उडी मारणारी जात होती. तिच्या खांद्याला मुळातच तिरकेपणा होता, म्हणून थरोब्रेडशी तिचा संकर यशस्वी झाला आणि इव्हेंटिंगमध्ये (ड्रेसाज, मैदानी अडथळे आणि उड्या अशा तिहेरी स्पर्धेत) आयरिश स्टडबुक, म्हणजे तिथली पैदास-नोंदवही, अनेक वर्षे जागतिक क्रमवारीच्या अग्रभागी राहिले. जर्मनीत दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आले आणि शेतीच्या घोड्याची गरज संपली, तेव्हा होल्स्टाइनच्या पैदासकारांनी आपल्या भक्कम घोड्यांना लेडीकिलरसारखे थरोब्रेड नर दिले. त्याचा मुलगा लँडग्राफ हा त्या स्टडबुकच्या आधारस्तंभांपैकी एक ठरला. पण तिथेही हलके रक्त घालून कोणी थांबले नाही. प्रत्येक पिढीत नरांची कठोर पारख झाली आणि बहुतेक नर पैदाशीतून बाद झाले. आपण एका शिंगराची गोष्ट करत आहोत, त्यामुळे ती चाळणी आपल्याला घोडी आणि नर निवडतानाच लावावी लागेल.

अश्ववैद्य

वरील विवेचन मला मान्य आहे. मी पशुवैद्यक या नात्याने नर-मादीच्या दिशेबद्दल आणि तपासण्यांबद्दल लिहितो.

१९३८ साली वॉल्टन आणि हॅमंड यांनी शायर आणि शेटलँड पोनी यांचा दोन्ही दिशांनी संकर करून पाहिला होता. जनुकांचा वाटा दोन्हीकडे सारखाच होता, तरी शायर घोडीच्या पोटी जन्मलेले शिंगरू शेटलँड घोडीच्या शिंगरापेक्षा जन्मतः सुमारे तिप्पट वजनाचे भरले. जन्माच्या वेळचा आकार मुख्यतः आईच्या गर्भाशयाच्या क्षमतेवर ठरतो, हे या प्रयोगाने दाखवले. त्यामुळे थरोब्रेड घोडीला जड नर दिला तर ती विताना अडकेल, ही भीती वाटते तितकी खरी नाही. तरीही हलका नर आणि जड घोडी हीच जोडी मी सुचवीन. गर्भाला जागा मिळते, दूध भरपूर मिळते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिंगरू पहिले काही महिने या शांत घोडीच्या सहवासात वाढते. माणूस जवळ आल्यावर दचकायचे की नाही, हे ते आईकडे पाहूनच शिकते.

घोडी भरवण्यापूर्वी तिच्या आयाळीचे किंवा शेपटीचे केस मुळांसकट काढून पीएसएसएम-१ या विकाराची जनुकीय चाचणी जरूर करून घ्या. या विकारात स्नायूंमध्ये साखरेचा साठा विकृत स्वरूपात होतो, आणि घोडा कामानंतर आखडतो, घामाघूम होतो, पुढे पाऊल टाकत नाही. पर्शेरॉन आणि बेल्जियन या जातींमध्ये तो बराच आढळतो. दोष प्रभावी प्रकारचा असल्यामुळे नर निर्दोष असला तरी काही फायदा होत नाही. घोडीत दोषाची एक प्रत असेल, तर शिंगराला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. दोन प्रती असतील, तर प्रत्येक शिंगराला तो मिळतोच. कमी पिष्टाचा खुराक आणि रोजचा व्यायाम यांनी असा घोडा सांभाळता येतो, पण मुद्दाम तसा जन्माला घालू नये. नर अरबी किंवा अँग्लो-अरबी असेल, तर एससीआयडी (रोगप्रतिकारशक्तीचा जन्मजात अभाव) आणि सेरेबेलर अबायोट्रॉफी (तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूचा ऱ्हास) यांच्या चाचण्यांचे निकाल मागा. हे दोन्ही विकार अप्रभावी आहेत, त्यामुळे तुमच्या शिंगरात ते दिसणार नाहीत, पण ते वाहक असू शकेल आणि त्या मादीला पुढे पुन्हा अरबी रक्ताचा नर दिला तर हाच प्रश्न उभा राहील.

वाढीविषयीही लिहायला हवे, कारण अशा शिंगरांचे सर्वाधिक नुकसान इथेच होते. दोन वर्षांचे संकरित शिंगरू पूर्ण वाढलेल्या घोड्याएवढे दिसते, आणि मालकाला वाटते की आता खोगीर चढवावे. गुडघ्याच्या वरच्या हाडाची वाढ साधारण अडीच वर्षांच्या सुमारास थांबते; पाठीच्या कण्यातली वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू राहते, आणि उंच, लांब मानेच्या घोड्यात त्याहूनही अधिक काळ. चौथ्या वर्षी हलकी ओळख आणि सहाव्या वर्षी पूर्ण काम, असे धरून चालावे. वाढीच्या काळात शिंगराला गुबगुबीत ठेवू नका. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर सहज लागाव्यात.

लगाम

मी पैदास करत नाही. असे घोडे खोगिराखाली घडवतो. त्यामुळे मुख्यतः त्याबद्दल लिहितो, आणि एका मुद्द्यावर खूरवाट यांच्याशी माझे मत जुळत नाही.

जड आणि हलक्या जातींच्या संकरात स्वभाव हा शरीराहून जास्त बेभरवशाचा असतो. ६५० किलोचे शरीर आणि थरोब्रेडची झटकन पेटणारी वृत्ती एकत्र आली, की अनुभवी स्वारालाही त्या घोड्याला आवरणे अवघड जाते, आणि तुम्हाला तर निवांत रपेटीचा घोडा हवा आहे. म्हणून मी नराच्या हाडांइतकाच त्याच्या वागण्याचा विचार करीन. त्याला भेटा, त्याच्या ठाणात जा, कोणी त्याच्यावर स्वार होत असेल तर पाहा. केवळ कागदावरची वंशावळ आणि छायाचित्रे पाहून निर्णय घेऊ नका. अँग्लो-अरबी नराबद्दलचा माझा आक्षेप याच कारणासाठी आहे: या प्रकारातले फार संवेदनशील घोडे मी हाताळले आहेत, आणि मीटरभर उंचीच्या अडथळ्यांसाठी ती धार लागत नाही. शांत, भक्कम थरोब्रेड किंवा ज्याच्या रक्तात आधीच थरोब्रेड मुरलेले आहे असा वॉर्मब्लड (जड आणि हलक्या रक्तातून घडवलेल्या युरोपीय स्वारीच्या जातींचा) नर मला अधिक सुरक्षित वाटतो. वॉर्मब्लड घेतल्यास त्याची फ्रॅजाइल फोल सिंड्रोमची (शिंगराची कातडी अतिशय नाजूक करणाऱ्या आनुवंशिक विकाराची) चाचणी झालेली असावी.

खोगिराची अडचण तुम्हाला पहिल्या दिवसापासून जाणवेल. पर्शेरॉनच्या पाठीवर मानेच्या मुळाशी असलेला उंचवटा बेताचाच असतो, आणि बरगड्या इतक्या गोलाकार असतात की खोगिराला धरून राहायला काही मिळत नाही. संकरित शिंगरात हे उतरले, तर रिकिबीत एक पाय टाकून वर चढताना अख्खे खोगीर स्वाराकडे फिरते, आणि उतारावर ते खांद्यावर सरकते. तंग जितका आवळाल तितका घोडा श्वास रोखून धरायला शिकतो आणि पुढे खोगीर दिसताच कान मागे टाकू लागतो. रुंद सांगाड्याचे, सपाट पॅनेलचे खोगीर बसवून घ्यावे आणि चढण्यासाठी नेहमी ओटा वापरावा. वाढीच्या वर्षांत पाठीचा आकार सतत बदलतो, त्यामुळे दर हंगामाला माप पुन्हा तपासून घ्यावे लागते.

शिकवताना या घोड्यांना दुडकी लवकर जमते आणि कँटर उशिरा. पुढच्या पायांवर भार टाकून लगामावर रेलण्याची त्यांना ओढ असते, कारण ओढकामासाठी त्यांच्या पूर्वजांना नेमके तेच शिकवले आणि निवडले गेले. त्यावर लगाम खेचणे हा उपाय नाही. सौम्य चढणीवर साध्या चालीने पुष्कळ काम, दुडकीतून चालीत आणि चालीतून दुडकीत वारंवार बदल, आणि जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून चालवणे, यांनी मागचे पाय हळूहळू पोटाखाली येऊ लागतात. तोवर रिंगणात लहान वर्तुळात कँटर मागू नये. बाहेर मोकळ्या, सरळ वाटेवर तो आपोआप सुधारतो. उड्या मारायच्या, तर कठीण जमिनीवर अजिबात मारू नयेत. इतके वजन उतरताना पुढच्या पायांच्या कंडरांवर येणारा ताण हलक्या घोड्याहून कितीतरी अधिक असतो.

रपेट

तिघांचेही मनापासून आभार. ठशांची पाहणी आज संध्याकाळीच केली. मागचा ठसा पुढच्याच्या पाऊण वीत पुढे पडतो आहे. केसांचा नमुना चाचणीसाठी पाठवतो आणि निकाल आल्यावरच पुढचे ठरवीन. लगाम यांचे स्वभावाबद्दलचे म्हणणे मला पटले. नर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निर्णय घेणार नाही.

पण दुसऱ्या पिढीचा प्रश्न तसाच राहिला. मला असे वाटत होते की निम्मी-निम्मी मादी आणि निम्मा-निम्मा नर एकत्र आणले, तर तोच बांधा पुढे टिकून राहील आणि पुन्हा शुद्ध जातीकडे जावे लागणार नाही. हे बरोबर आहे का?

खूरवाट

नाही, आणि हे आधीच विचारलेत हे फार चांगले झाले.

पहिल्या पिढीतल्या प्रत्येक शिंगराला जड जातीच्या जनुकांचा एक संच आणि हलक्या जातीच्या जनुकांचा एक संच मिळतो, त्यामुळे ती शिंगरे बरीचशी एकमेकांसारखी दिसतात. अशा दोघांना एकत्र आणले, की ते संच विस्कटून पुन्हा वाटले जातात, आणि आजी-आजोबांपैकी कोणाकडून काय येईल, याचा काही नेम राहत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की घोड्यांच्या जातीजातींमधल्या आकाराच्या फरकापैकी सुमारे ८३ टक्के फरक केवळ चार जनुकीय स्थानांशी जोडता येतो. आकार इतक्या थोड्या जागांवर अवलंबून असेल, तर दुसऱ्या पिढीत एक शिंगरू जवळजवळ पर्शेरॉनएवढे आणि त्याचे सख्खे भावंड जवळजवळ थरोब्रेडएवढे निघणे मुळीच अशक्य नाही. खांदा, खूर आणि स्वभाव यांची फेरवाटणी तर आणखी गुंतागुंतीची असते. ज्या संस्थांनी संकरातून स्थिर जात घडवली, त्यांच्याकडे शेकडो घोड्या आणि अनेक पिढ्यांच्या नोंदी होत्या. एकट्या पैदासकाराला तो मार्ग खुला नाही.

म्हणून निम्म्या-निम्म्या मादीला पुन्हा हलका नर द्यावा. यातून तीन चतुर्थांश हलक्या रक्ताचा घोडा मिळतो. आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या शिकारी घोड्यांच्या परंपरेत निम्मा घोडा वजनदार स्वारासाठी आणि तीन चतुर्थांश घोडा वेगाने, दूरवर जाणाऱ्यासाठी, असा विचार फार पूर्वीपासून होत आला आहे. तुमच्या वर्णनातला घोडा माझ्या मते या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो, त्यामुळे पहिल्याच पिढीत तुमचे समाधान होण्याची शक्यता पुष्कळ आहे. तसे झाले, तर दुसरी पिढी घेण्याचे कारणच उरत नाही.

आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. तुमची घोडी पर्शेरॉन आहे आणि ती जात जगभर बऱ्यापैकी संख्येने आहे, म्हणून मी या संकराला हरकत घेतली नाही. तुमच्याकडे सफोक पंच किंवा क्लीव्हलँड बे असती, तर माझा सल्ला वेगळा असता. या जातींच्या पैदासक्षम घोड्या इतक्या कमी उरल्या आहेत की प्रत्येक संकरित शिंगरामागे शुद्ध जातीचे एक शिंगरू आणि एक वर्ष वाया जाते. गर्भकाळच अकरा महिन्यांचा असल्यामुळे ते वर्ष भरून काढता येत नाही. क्लीव्हलँड बे आणि थरोब्रेड यांचा संकर उत्तम असतो, हे मी स्वतः पाहिले आहे. तो करायचाच असेल तर नर क्लीव्हलँड बे आणि घोडी थरोब्रेड असावी, म्हणजे शुद्ध जातीच्या घोडीचे वर्ष खर्ची पडत नाही.

तुमच्या शिंगराबद्दल शेवटचे. मादी निघाली, तर तिला खोगिराखाली पूर्ण घडवल्याशिवाय पैदाशीला लावू नका. सहाव्या-सातव्या वर्षी ती चढणीवर कशी चालते, अडथळ्यापुढे विचार करते की घाबरते, पाय कोरडे राहतात की कामानंतर सुजतात, हे सगळे प्रत्यक्ष दिसेल, आणि नर कोणता द्यायचा हे तेव्हा तिच्याकडे पाहूनच ठरवता येईल. नर निघाला, तर कितीही देखणा असला तरी वेळेवर खच्ची करून घ्या. पहिल्या पिढीचा संकरित नर पैदाशीत काय देईल याची खात्री देता येत नाही, आणि रपेटीच्या घोड्याला तर इतर घोड्यांच्या सोबतीत मोकळेपणाने चरता आले पाहिजे.